राखणदाराची जबाबदारी : महाकाय कुत्रा पाळताना

बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी कोल्हापूरला नवी नाही. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनीपासून उपनगरांतील नव्या वसाहतींपर्यंत ती सर्वत्र दिसते. पूर्वी या पाटीमागे बहुधा अल्सेशियन किंवा डॉबरमन असे. आता रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, बुलमॅस्टिफ अशा पन्नास किलो व त्याहून अधिक वजनाच्या कुत्र्यांचीही हौस वाढली आहे. पिल्लू आणले जाते ते त्याच्या रुबाबदार रूपावर भाळून. ते वर्षभरात घरातील एखाद्या माणसाइतके वजनदार होणार आहे आणि परका कोण हे स्वतःच ठरवू लागणार आहे, याचा विचार मात्र अनेकदा मागाहून होतो. तोपर्यंत कुत्रा साखळीला बांधला गेलेला असतो आणि घरातील माणसेही त्याच्याजवळ जाण्यास बिचकू लागलेली असतात. ही वेळ टाळायची असेल, तर राखणदार जातींचा स्वभाव, त्यांच्या गरजा आणि पाळणाऱ्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी यांची माहिती पिल्लू घरी येण्यापूर्वीच करून घ्यायला हवी.

राखणदार कोणाला म्हणावे?

माणसाने कुत्र्यांच्या जाती कामानुसार घडविल्या. मुधोळ हा कोल्हापूरकरांच्या परिचयाचा कुत्रा. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानामुळे त्याला हे नाव मिळाले. आपल्याकडे तो कारवानी म्हणूनही ओळखला जातो. लांब पाय, निमुळते तोंड आणि सडपातळ बांधा असलेला हा कुत्रा नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारा शिकारी आहे. जर्मन शेफर्ड मुळात मेंढ्या हाकणारा. मालकाच्या इशाऱ्याकडे सतत लक्ष ठेवणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

राखणदार जातींचे काम याहून वेगळे होते. तुर्कस्तानातील कांगाल, कॉकेशस पर्वतराजीतील कॉकेशियन शेफर्ड, तिबेटी मॅस्टिफ, हिमाचलातील गद्दी आणि जम्मू-काश्मीरमधील बकरवाल या कुत्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कळपाभोवती राहून लांडग्या-अस्वलांना दूर ठेवले. मालक तंबूत झोपलेला असताना, कोणत्याही आज्ञेची वाट न पाहता, समोरचा आपला की परका हे त्यांनीच ठरवायचे असे. माळरानावर हा त्यांचा गुण होता. शहरातल्या बोळात, जिथे दूधवाला, पेपरवाला, गॅस सिलिंडर आणणारा आणि चेंडू शोधत आवारात शिरलेला शेजारचा मुलगा हे सारेच परके असतात, तिथे तोच गुण घातक ठरू शकतो. राखणदार कुत्र्यासोबत राहण्यातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

धनगराच्या तळावर

कळपाची राखण करणारा कुत्रा पाहण्यासाठी कोल्हापूरकराला तुर्कस्तानला जाण्याची गरज नाही. हातकणंगले, शिरोळ, कागल परिसरात शेतात मेंढ्या बसविण्यासाठी धनगरांचे तळ पडतात, तेव्हा कळपाभोवती त्यांची कुत्री दिसतात. ती महाकाय नसतात आणि त्यांच्याजवळ वंशावळीचे कागदही नसतात. परंतु अपरिचित माणूस तळाच्या दिशेने येऊ लागला की ती उठून उभी राहतात, भुंकून वर्दी देतात आणि धनगराने हाक दिली की थांबतात.

हे कसे साधते, याचे उत्तर त्यांच्या वाढण्यात आहे. पिल्लू जन्मापासून मेंढ्यांत, माणसांत आणि पोराबाळांत असते. वाटेने जाताना त्याला गावे, वाहने, बाजार आणि परकी माणसे रोज दिसतात. मोठ्या कुत्र्यांचे पाहून ते आपले काम शिकते. अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७०च्या दशकापासून कळपराख्या कुत्र्यांचा दीर्घ अभ्यास केला. पिल्लू लहान वयात ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांनाच ते आपले मानते, यावर त्यांचा भर होता. चांगल्या राखणदाराच्या अंगी कळपाला इजा न करण्याचा विश्वासूपणा, कळपाकडे सतत लक्ष आणि संकटात संरक्षण हे तीन गुण हवेत, असे त्यांनी मांडले. आक्रमकपणा हा त्या यादीत स्वतंत्र गुण म्हणून येत नाही, हे शहरातील हौशी मंडळींनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

नामिबियातील चित्ता संवर्धन निधी या संस्थेने १९९४पासून पशुपालकांना अनातोलियन शेफर्ड आणि पुढे कांगाल जातीचे कुत्रे दिले. कुत्र्यामुळे शेळ्या-मेंढ्या सुरक्षित राहिल्या की पशुपालक चित्त्याला मारत नाहीत, असा त्यामागचा विचार. तेथेही कुत्र्याने चित्त्याशी झुंजावे अशी अपेक्षा नसते. भुंकणे आणि समोर उभे राहणे एवढ्यानेच बहुतेक वेळा काम होते.

शहरात आढळणाऱ्या जाती

ग्रेट डेन हा जर्मनीतील कुत्रा पूर्वी रानडुकरांच्या शिकारीसाठी वापरला जाई. नराची खांद्यापाशी उंची किमान ८० सेंटिमीटर असते. स्वभावाने तो बहुधा सौम्य, पण त्याची शेपटी लागली तरी लहान मूल पडू शकते. आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचे.

रॉटवायलर हा जर्मनीतील रॉटवाइल गावचा. गुरे हाकणे आणि खाटकांच्या गाड्या ओढणे हे त्याचे मूळ काम. उंची ६१ ते ६८ सेंटिमीटर, वजन पन्नास किलोच्या आसपास. तो बुद्धिमान व शिकण्यास तत्पर असतो. मात्र शिकवणुकीविना वाढल्यास आवरणे कठीण जाते.

बुलमॅस्टिफ इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जंगलराख्यांसाठी तयार झाला. चोरट्या शिकाऱ्याला फाडण्याऐवजी खाली पाडून दाबून धरणे हे त्याचे काम होते.

सेंट बर्नार्ड हा आल्प्स पर्वतातील खिंडीतल्या मठाचा कुत्रा. हिमवर्षावात सापडलेल्या वाटसरूंच्या सुटकेसाठी त्याची ख्याती झाली. दाट केसांमुळे कोल्हापूरचा एप्रिल-मे त्याला अतिशय जड जातो. तिबेटी मॅस्टिफ आणि कॉकेशियन शेफर्ड यांचीही तीच गत. शिवाय या दोन्ही जाती स्वतंत्र वृत्तीच्या असल्याने प्रथमच कुत्रा पाळणाऱ्याने त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

आणण्यापूर्वी

पिल्लू घेताना त्याची आई, आणि शक्य असल्यास वडीलही, प्रत्यक्ष पाहावेत. आई परक्या माणसाला पाहून भेदरत असेल किंवा अंगावर येत असेल, तर पिल्लू कितीही देखणे असले तरी घेऊ नये. २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. पाच आठवड्यांचे पिल्लू 'लवकर लळा लागेल' म्हणून गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यापासून दूरच राहावे. आई आणि भावंडांसोबत खेळतानाच पिल्लाला चाव्याचा जोर आवरण्याचे शिक्षण मिळते, आणि पुढे पन्नास किलोच्या होणाऱ्या कुत्र्याला ते मिळालेले असणे फार महत्त्वाचे आहे.

घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीची संमती घ्यावी. कुत्रा हौसेने आणतो एक जण आणि दिवसभर त्याच्यासोबत राहते दुसरेच कोणी, असे बहुतेक घरांत घडते. ज्यांना त्याला फिरवायचे आहे, त्यांच्या अंगात त्याला रोखून धरण्याइतकी ताकद आणि आत्मविश्वास आहे का, हे आधी पाहावे. आवाराची भिंत किमान पाच-सहा फूट उंच असावी आणि फाटकाला आतून कडी असावी. कुत्रा फाटकातून निसटू नये यासाठी आत आणखी एक लहान दार असल्यास उत्तम.

पहिले चार महिने

तीन ते चौदा आठवडे हे पिल्लाच्या वाढीतील सर्वांत नाजूक वय मानले जाते. या काळात जे दिसते, ऐकू येते व हाताळले जाते, ते त्याला पुढे नेहमीचे वाटते. आपल्याकडे नेमके उलट घडते. कुत्रा 'कडक' व्हावा म्हणून त्याला माणसांपासून लपवून ठेवले जाते, परक्याने हात लावू दिला जात नाही. असे वाढलेले कुत्रे राखणदार होत नाही. ते भित्रे होते, आणि भित्रे कुत्रे आधी चावते.

या वयात पिल्लाला लहान मुले, वृद्ध, काठी घेतलेली माणसे, हेल्मेट घातलेले दुचाकीस्वार, रिक्षा, गाई-म्हशी यांचा शांतपणे परिचय करून द्यावा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर खाली सोडू नये. कडेवर घेऊन किंवा मोटारीत बसवून परिसर दाखवता येतो. 'बस', 'थांब', 'सोड' आणि 'इकडे ये' या चार आज्ञा खाऊ देऊन, मारहाण न करता शिकवाव्यात. पट्ट्यात नीट चालण्याची सवय पंधरा किलो वजनाचे असतानाच लागली पाहिजे. पन्नास किलोचा कुत्रा रंकाळ्याच्या काठावर दुसऱ्या कुत्र्याकडे झेपावला, तर केवळ हाताच्या जोरावर त्याला थांबवणे अशक्य असते.

मुले, पाहुणे आणि सणवार

कुत्रा कितीही विश्वासू असला तरी लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये. तो जेवत असताना, झोपलेला असताना किंवा पिल्ले पाजत असताना मुलांनी जवळ जाऊ नये, हा घरचा नियम असावा. कुत्र्याचे ताठ होणे, नजर रोखणे, ओठ वर उचलणे आणि गुरगुरणे या पूर्वसूचना आहेत. गुरगुरण्याबद्दल त्याला मारले, तर तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

गौरी-गणपतीला घर पाहुण्यांनी भरते, दिवाळीत फटाके वाजतात, गल्लीतून ढोल-ताशांची मिरवणूक जाते. अशा दिवशी कुत्र्याला त्याच्या ओळखीच्या शांत खोलीत पाणी व अंथरूण देऊन ठेवावे. 'काही करत नाही तो' असे सांगत पाहुण्यांसमोर त्याला मोकळे सोडणे ही पाहुण्यांची आणि कुत्र्याचीही परीक्षा पाहण्यासारखे आहे. मुलांचे आपसांतील दंगामस्तीचे खेळही राखणदार कुत्र्याला भांडण वाटू शकतात आणि तो घरच्या मुलाच्या बाजूने मध्ये पडू शकतो.

आहार

पन्नास किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे २००० ते २४०० किलोकॅलरी लागतात. तयार खाद्य असो किंवा घरचे अन्न, ते दिवसातून दोन वेळा विभागून द्यावे. ज्वारीची भाकरी, भात, दही, उकडलेली अंडी व मांस यांतून आहार ठरविता येतो. मात्र केवळ दूध-भाकरीवर एवढ्या मोठ्या कुत्र्याला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत.

कोल्हापूरच्या घरात एक मोह विशेष टाळावा लागतो. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातील उरलेसुरले कुत्र्याला घालण्याची रीत जुनी आहे. त्यातील कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपायकारक असतात आणि शिजलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे आतड्यात रुतू शकतात. चॉकलेट, द्राक्षे व बेदाणे हेही कुत्र्यांना विषारी आहेत.

महाकाय जातींचे पिल्लू झपाट्याने वाढवण्याच्या नादात त्याला कॅल्शियमची औषधे चारली जातात. वैद्यकीय सल्ल्याविना दिलेले जादा कॅल्शियम आणि अति आहार यांमुळे हाडे व सांधे कायमचे बिघडू शकतात. या जातींची हाडे पक्की होण्यास सुमारे दीड वर्ष लागते. तोपर्यंत जिने चढ-उतार, उंच उड्या आणि दुचाकीच्या बाजूने पळविणे पूर्णपणे बंद ठेवावे.

ऊन, पाऊस आणि पूर

कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. शरीर जितके मोठे, तितके हे काम कठीण. मार्च ते मे या काळात त्याला सकाळी सातपूर्वी व सूर्यास्तानंतरच फिरवावे. डांबरी रस्त्यावर हाताचा तळवा पाच-सहा सेकंद टेकवणे सहन होत नसेल, तर तो रस्ता कुत्र्याच्या पायांसाठीही तापलेला आहे असे समजावे. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, लडखडणे आणि उलटी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

पावसाळ्यात ओलसर केसांमुळे बुरशीचे त्वचारोग होतात, गोचिडांमुळे रक्ताचे आजार पसरतात आणि उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. फिरून आल्यावर पंजे व पोटाखालचा भाग कोरडा करणे ही रोजची सवय असावी.

२००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी पंचगंगेकाठच्या वस्त्यांना आणखी एक धडा दिला आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. घाबरलेल्या साठ किलोच्या कुत्र्याला ऐन वेळी बोटीत चढवणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी पाणी इशारा पातळीकडे जाऊ लागताच कुत्र्याला नातेवाइकांकडे किंवा उंचावरील जागी हलवावे. घर सोडताना जनावर साखळीला बांधून ठेवू नये.

आजार आणि उपचार

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टणक होणे, ओकाऱ्या येऊनही काही बाहेर न पडणे आणि कमालीची अस्वस्थता ही त्याची चिन्हे. यावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही आणि काही तासांच्या विलंबानेही प्राण जातो. जेवणाच्या आधी व नंतर तासभर पळापळ टाळावी आणि खाणे एकदम न देता विभागून द्यावे. नितंबाच्या सांध्याचे व्यंग, हृदयविकार आणि हाडांचा कर्करोग हेही या जातींत तुलनेने अधिक आढळतात.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात आणि नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी. पाळीव व लस दिलेला कुत्रा चावला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. चुना किंवा हळद लावून जखम झाकू नये.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी परिपत्रक काढून रॉटवायलर, मॅस्टिफ, कांगाल, कॉकेशियन शेफर्ड आदी २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास राज्यांना सांगितले होते. संबंधितांशी विचारविनिमय न करता ते काढल्याचे कारण देत कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द ठरविले. या वादामुळे एक मुद्दा पुढे आला, तो म्हणजे कुत्र्याच्या वर्तनाला पाळणारा उत्तरदायी असतो.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या बाजूला, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा कुत्र्याच्या बाजूने उभा राहतो. सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हा त्याच्या कलम ११खाली गुन्हा आहे. म्हणजे कुत्र्याला मोकाट सोडणे आणि कायमचे बांधून ठेवणे, या दोन्ही वाटा कायद्याने बंद केल्या आहेत. शहरातील नोंदणीचे नियम व शुल्क महापालिकेकडून जाणून घ्यावे आणि लसीकरणाचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

मळ्यातील राखण

मळ्यातील घराच्या राखणीसाठी मोठा कुत्रा ठेवणाऱ्यांनी बिबट्याचा विचार करावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उसाच्या पट्ट्यातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा वजनाने ३९ टक्के, म्हणजे सर्वाधिक, आढळला. उसाच्या फडालगत उघड्यावर बांधलेला कुत्रा कितीही मोठा असला तरी राखण करू शकत नाही. तो स्वतःच सावज होतो. रात्री त्याला जाळीच्या बंदिस्त जागेत किंवा घरात घ्यावे. डोंगराळ भागातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा घालतात, तोही याच अनुभवातून.

निर्णयापूर्वीचे प्रश्न

पुढील आठ-दहा वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ किमान दीड तास देणारी व्यक्ती घरात आहे का? बदली, लग्न, बाळंतपण किंवा आजारपणाच्या काळात कुत्रा कोण सांभाळणार? पन्नास किलोच्या रुग्णाला उचलून मोटारीत घालण्याची सोय आहे का? मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आल्यास शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत किंवा पुण्या-मुंबईपर्यंत जाण्याची तयारी आहे का? सहा-सात वर्षांनंतर सांधे दुखू लागलेल्या, राखण न करू शकणाऱ्या कुत्र्याला तेवढ्याच मायेने सांभाळले जाईल का?

या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी नसतील, तर चोरांच्या भीतीवर दाराची चांगली कुलपे, अंगणातील दिवा आणि भुंकून वर्दी देणारा एखादा मध्यम चणीचा देशी कुत्रा पुरेसा आहे. तो कोल्हापूरच्या हवेला सरावलेला असतो, त्याचा आहार बेताचा असतो आणि त्याला घरातील कोणीही सहज फिरवू शकते. उत्तरे होकारार्थी असतील, तर महाकाय राखणदार आणावा. मात्र त्याला फाटकाशी न बांधता घरात माणसांत वाढवावे.